चार देश, दहा दिवस आणि एक खिडकी

पत्र, थोडक्यात : मी सांगली जिल्ह्यातली निवृत्त शिक्षिका, वय ६३. यजमान ६८ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आयुष्यात एकदा परदेश बघायचा म्हणून आम्ही पैसे बाजूला ठेवलेत. माझी भाची ओस्लोला असते, कधीची बोलावतेय. यजमानांना टूर कंपनीची 'दहा दिवसांत चार देश' ही सहल हवी आहे. 'परत थोडंच जाणार आहोत? एकदा जायचं तर सगळं बघून येऊ,' असं त्यांचं म्हणणं. मला एकच देश बघायचाय, नॉर्वे. आणि तिथल्या आगगाडीत खिडकीपाशी बसायचंय. थंडी कमी म्हणून जून ठरवतोय. नॉर्दर्न लाइट्स बघायचेच आहेत. दोघंही शाकाहारी, अंडंही खात नाही. तिथे सगळं भयंकर महाग म्हणतात, म्हणून भडंग, चिवडा, मेतकूट, पेढे आणि दोन किलो तूप नेणार आहे. भाचीकडे राहावं, तर फ्लॅट लहान, घरात छोटं मूल. ओझं तर होणार नाही ना? माझं इंग्रजी वाचण्यापुरतंच. यावरून घरात रोज धुसफूस चालते. मी हट्ट करतेय का?

ताई,

तुमच्या पत्रात मी हट्ट शोधला, मला काही सापडला नाही. सापडलं ते तूप. दोन किलो! त्याच्याकडे येतेच, पण त्याआधी पत्रातल्या एका ओळीवर मला थांबावं लागलं. जूनमध्ये जायचंय आणि नॉर्दर्न लाइट्स बघायचेच आहेत, असं तुम्ही लिहिलंय. या दोन गोष्टी एका प्रवासात बसत नाहीत.

नॉर्दर्न लाइट्स म्हणजे उत्तरेकडच्या रात्रीच्या आकाशात दिसणारे हिरवे झोत. ते दिसायला अंधार लागतो, आणि जूनमध्ये नॉर्वेत तोच नसतो. ओस्लोसारख्या दक्षिणेतल्या शहरातसुद्धा जूनच्या मध्याला सूर्य रात्री पावणेअकराच्या सुमाराला मावळतो आणि पहाटे चारच्या आत पुन्हा हजर होतो. मधल्या वेळातही मिट्ट काळोख पडत नाही, आपल्याकडे दिवेलागणीला असतो तसा उजेड रेंगाळत राहतो. उत्तरेला ट्रोम्सोला तर मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. ते हिरवे झोत बघायला लोक ट्रोम्सोला जातात ते सप्टेंबर ते मार्च या काळात, आणि तेव्हाही आभाळ मोकळं असेल तरच. तीन रात्री राहून नुसते ढग बघून परतलेले लोक मला माहीत आहेत. ही गोष्ट पैसे मोजून हमखास मिळत नाही.

म्हणून आधी दोघांनी बसून एवढंच ठरवा, की हे नॉर्दर्न लाइट्स नक्की कोणाला बघायचेत? तुम्हाला, यजमानांना, की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंना? तुमच्या पत्रात खिडकीचा उल्लेख मनापासून आलाय, लाइट्सचा मात्र 'बघायचेच' अशा कर्तव्याच्या सुरात. माझा अंदाज चुकीचाही असेल. पण ते खरंच आतून हवं असेल, तर हिवाळ्यात जाऊ नका. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला तिथल्या थंडीची एवढी भीती नाही. अंगात लोकरीचे कपडे असले की थंडी सोसते. भीती आहे ती फूटपाथवरच्या बर्फाची. दिवसा जरा वितळायचं, रात्री पुन्हा गोठायचं, असं होऊन त्याची काच होते. तिथली म्हातारी माणसंसुद्धा बुटाखाली खिळ्यांचे रबरी पट्टे चढवून चालतात. तुमच्यासाठी सप्टेंबरचा शेवटचा आठवडा बरा. तेव्हा ट्रोम्सोला दिवस-रात्र साधारण सारखी असते, रस्त्यावर सहसा बर्फ नसतो, झाडं पिवळीधमक झालेली असतात आणि रात्री आकाश बघायची संधीही मिळते. ओस्लोहून ट्रोम्सोला विमानाने जेमतेम दोन तास. रस्त्याने जायचं तर सोळाशे किलोमीटरच्या पुढे, आणि आगगाडी तिथवर जातच नाही. नकाशात नॉर्वे चिंचोळा दिसतो, म्हणून लांबीचा अंदाज येत नाही.

लाइट्स नसले तरी चालणार असेल, तर जूनचा पहिला पंधरवडा उत्तम. मी तुमच्या जागी असते तर जूनच निवडला असता.

आता चार देश. तुमच्या यजमानांचं म्हणणं मला परकं वाटत नाही. आपली सगळी पिढी तशीच फिरली. अष्टविनायक दोन दिवसांत, चारधाम बारा दिवसांत. एकदा बाहेर पडलो की मोजून घ्यायचं. त्यामागे लोभ नसतो, 'पुन्हा येणं व्हायचं नाही' ही हुरहूर असते. म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका. सहलीचा छापील कार्यक्रम टेबलावर ठेवा, पेन्सिल घ्या आणि प्रत्येक दिवशी बस, जहाज आणि विमानतळ यांत किती तास जाणार ते समासात लिहून काढा. बँकेतल्या माणसाला आकडे पटतात. अशा सहलींत सहसा कोपनहेगनहून ओस्लोला आणि स्टॉकहोमहून हेलसिंकीला रात्रीच्या जहाजाने नेतात, म्हणजे दोन रात्री समुद्रावर. येण्याजाण्यात दीड-दोन दिवस. प्रत्येक राजधानीच्या वाट्याला एक दुपार, एक राजवाडा आणि एक भारतीय जेवण. नॉर्वे म्हणून जे बघायचं, ते डोंगर आणि फ्योर्ड (डोंगरांत आत शिरलेले समुद्राचे चिंचोळे फाटे), त्यांच्या वाट्याला फार तर एक दिवस येतो.

टूर कंपनीची बाजूही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तुमच्याच पारड्यात बसलेय. बॅग उचलायला माणूस, रोज वरण-भात, कुणी आजारी पडलं तर धावाधाव करणारा टूर मॅनेजर, आणि संध्याकाळी गप्पांना मराठी माणसं. गुडघ्याच्या दृष्टीने यातल्या पहिल्या गोष्टीचं मोल फार आहे, कारण नॉर्वेत हमाल नावाचा प्राणी नाही. मंत्रीसुद्धा आपली बॅग आपणच ओढतो. तेव्हा कंपनीबरोबरच जायचं ठरलं, तर फक्त नॉर्वेची सहल आहे का ते विचारा. आणि कुठलीही सहल घेण्याआधी एवढं विचाराच : हॉटेल गावात आहे की महामार्गावर? फ्लोमची घाटातली रेल्वे (तिच्याबद्दल पुढे लिहिते) धरलेली आहे की 'ऐच्छिक'? आणि 'फ्योर्ड क्रूझ' म्हणजे नेमका कुठला फ्योर्ड, किती वेळ? उत्तरं तोंडी नकोत, लिहून मागा.

पण मला विचाराल, तर तुम्ही दोघं स्वतः जाऊ शकता. नॉर्वे त्या बाबतीत सोपा देश आहे. गाड्या वेळेवर येतात, पाट्या स्पष्ट असतात आणि जवळजवळ प्रत्येकाला इंग्रजी येतं. तुमचं इंग्रजी वाचण्यापुरतं आहे ना? तिथे लागतंही तेवढंच. बोलायची वेळ आली तर 'दोन तिकिटं, बर्गन' एवढं पुरतं, त्यावर कुणी हसत नाही. माणसं अबोल आहेत. बसमध्ये शेजारची जागा रिकामी असली तरी उभी राहतील. तो तुमचा अपमान समजू नका, ते एकमेकांशीही तसेच वागतात.

तुमच्या खिडकीबद्दल सविस्तर लिहिते, कारण या सगळ्या पत्रात ती एकच गोष्ट मला अगदी नेमकी वाटली.

ओस्लोहून बर्गनला जाणारी रेल्वे १९०९ मध्ये सुरू झाली. पूर्ण प्रवास पावणेसात-सात तासांचा. पहिले दोन तास जंगल, तळी, लाल रंगाची लाकडी घरं. छान आहे, पण तुम्ही डुलकी काढलीत तरी चालेल. मग गाडी चढायला लागते. झाडं बुटकी होतात, विरळ होतात आणि एका वळणानंतर संपतातच. फिन्से नावाचं स्टेशन येतं. उंची १२२२ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा कमी. आणि जूनच्या सुरुवातीला तिथे फलाटाच्या पलीकडे बर्फ असतो, तळं अर्धं गोठलेलं असतं. महाबळेश्वरला त्या महिन्यात छत्र्या उघडलेल्या असतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा डब्यात एक आजी लोकरीचं काहीतरी विणत होत्या. फिन्से आलं तशा त्यांनी सुया मांडीवर ठेवल्या आणि गाडी सुटेपर्यंत बाहेर बघत बसल्या. त्यांनी ते शेकडो वेळा बघितलं असणार.

फिन्सेच्या पुढे म्युर्दालला उतरायचं. ओस्लोहून इथवर साडेचार-पाच तास. इथून फ्लोमची छोटी गाडी मिळते. वीस किलोमीटरचा रस्ता, वीस बोगदे, साधारण एक तास, आणि तेवढ्यात ती साडेआठशे मीटरहून जास्त खाली उतरून थेट समुद्राच्या काठाला येते. यजमानांना हा आकडा द्या : खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, इथे १८ ला १, आणि तोही साध्या रुळांवर. वाटेत एका धबधब्यापाशी गाडी थांबते. उन्हाळ्यात तिथे संगीत लावतात आणि लाल कपड्यातली एक बाई कड्यावर नाचते, कुठल्याशा लोककथेतली वनदेवी म्हणून. तेवढं डोळ्यांआड करा, धबधबा चांगला आहे.

फ्लोमला दोन रात्री राहा. तिथून गुडवांगेनला दोन तासांची बोट जाते. २०१८ पासून या मार्गावर पूर्ण विजेवर चालणारी बोट आहे, तिला इंजिनाची घरघर नाही. वाटेत नॅरॉयफ्योर्ड लागतो. २००५ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. सगळ्यात अरुंद ठिकाणी तो अडीचशे मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना कडे सतराशे मीटरपर्यंत चढलेले. मान वर करून बघताना टोपी पडते. यजमानांना इथे फार चालावं लागत नाही आणि जिने टाळूनही बरंच बघता येतं. गुडवांगेनहून बसने वॉस, तिथून रेल्वेने बर्गन. ही सगळी साखळी एकत्र पॅकेज म्हणून विकली जाते, पण तिकिटं सुटी काढली तरी तोच रस्ता, त्याच गाड्या. भाची अर्ध्या तासात काढून देईल.

दोन खबरदाऱ्या घ्या. लांबच्या गाड्यांची तिकिटं जितकी आधी काढाल तितकी स्वस्त, शेवटच्या आठवड्यात दुप्पट-तिप्पट भाव पडतो. आणि उन्हाळ्यात तिथे रुळांची कामं निघतात. त्या काळात काही टप्पे गाडीऐवजी बसने करावे लागतात. म्हणून तारीख पक्की करण्याआधी तेवढं तपासाच, नाहीतर इतक्या लांब जाऊन तुमच्या वाट्याला बसची खिडकी यायची. एक चांगली बातमी यजमानांसाठी : नॉर्वेच्या रेल्वेत ६७ वर्षांपुढच्यांना निम्मं भाडं असतं. आपल्या रेल्वेने २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद केल्यापासून जो काही राग मनात असेल, तो तिथे भरून निघेल. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट हाताशी ठेवा. तुम्हाला मात्र पूर्ण भाडं, अजून चार वर्षं.

बर्गनला तीन रात्री. तिथे वर्षातून दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो, म्हणून छत्रीवर भिस्त ठेवू नका. वारा तिची उलटी परडी करतो. टोपीचा रेनकोट घ्या. बंदरावरची जुनी लाकडी घरं बघा, डोंगरावर जाणारी रेल्वे घ्या (ती १९१८ पासून चालतेय, चढायचे श्रम नाहीत) आणि एक दिवस काहीही बघू नका. तिथे दगडी फरसबंदीचे रस्ते बरेच आहेत, यजमानांना चालायची काठी लागेलच. यूट्यूबवर दिसणाऱ्या त्या कड्यांच्या नादाला लागू नका. ट्रोलटुंगा नावाची जी जीभ हवेत लोंबकळलेली दिसते, तिथे जाऊन यायला सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर चालावं लागतं, दहा-बारा तास. तो फोटो चोवीस वर्षांच्या पोरांचा आहे.

आता खाणं. तुम्ही 'महाग' म्हणता ते अर्धं खरं आहे. क्रोनचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, भाव आठ ते दहा रुपयांच्या दरम्यान धरा. हॉटेलात बसून एक साधी डिश दोनशे-तीनशे क्रोन, म्हणजे दोघांचं एक जेवण चार-पाच हजारांना पडतं. पण तिथली माणसं तरी रोज हॉटेलात कुठे जेवतात? नॉर्वेत शाळेतलं मूल असो की मोठ्या कंपनीचा साहेब, दुपारी घरून आणलेला डबा उघडतो. त्याला ते मातपाक्के म्हणतात : पावाच्या दोन-तीन चकत्या, चीज, मध्ये बटर पेपर. बाकावर बसून डबा खाल्ला म्हणून तिथे कुणी तुमच्याकडे बघणार नाही. सकाळचा नाश्ता हॉटेलच्या भाड्यात बहुतेक धरलेला असतो. पाव, दही, फळं, सुका मेवा, ओट्स, यावर दुपारपर्यंत निभतं. सुपरमार्केटात क्नेकेब्रो म्हणून कुरकुरीत चकत्या मिळतात, खाकऱ्याच्या जाडजूड चुलतबहिणी. त्यावर तुमची शेंगदाण्याची चटणी लावून बघा. नळाचं पाणी बिनदिक्कत प्या. बाटलीतलं पाणी विकत घेणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. घेतलीच बाटली, तर ती फेकू नका. दुकानातल्या यंत्रात घातली की दोन-तीन क्रोन परत मिळतात.

रविवारी मोठी किराणा दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळीच पाव-दूध घेऊन ठेवा. पहिल्यांदा जाणारा प्रत्येक मराठी माणूस एकदा तरी रविवारी उपाशी राहतो, मीही राहिलेय.

शाकाहाराचं म्हणाल तर 'वेगेतार' हा शब्द सगळ्यांना कळतो, पण त्यात अंडं आणि चीज धरलेलं असतं. अंड्याला तिथे 'एग'च म्हणतात, ते सोपं. मांस म्हणजे 'शॉट', मासा 'फिस्क', डुक्कर 'स्वीन', गोमांस 'स्तूरफे', आणि 'उतेन' म्हणजे '-शिवाय'. भाचीकडून हे शब्द तिथल्या लिपीत एका कार्डावर लिहून घ्या आणि पाकिटात ठेवा. दुकानात पाकिटामागची यादी वाचताना ते मोबाइलपेक्षा लवकर हाती येतं. चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असू शकतं, ते चालत नसेल तर नेमकं विचारा. ओस्लोत ग्रोनलांड नावाचा भाग आहे. सत्तरच्या दशकापासून पाकिस्तानातून आलेली कुटुंबं त्या शहरात आहेत, त्यांची किराणा दुकानं तिथे ओळीने लागतात. कणीक, तूरडाळ, कोथिंबीर, हिरवी मिरची, सगळं मिळतं. तेव्हा डाळ-तांदूळ सांगलीहून वाहून नेऊ नका.

आणि तूप. ताई, ते न्यायचंच नाही. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला नॉर्वेत मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा, पनीर, बर्फी सगळं त्यात आलं. बॅग उघडली तर काढून घेतात, वर दंडही होऊ शकतो. कढीपत्ता, लिंबं, ताजी भाजी याही फंदात पडू नका. भडंग, चिवडा, मेतकूट, चटणी, थालीपिठाची भाजणी ही कोरडी मंडळी खुशाल न्या, फक्त चिवडा तुपातला नको आणि पाकिटं नीट बंद असू देत.

भाजणीवरून आठवलं. आम्ही ओस्लोत राहायला गेलो त्या पहिल्या आठवड्यात मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये आमटी केली. तेल तापलं, मोहरी टाकली, हिंग, मिरची, नेहमीसारखा धूर. आणि छतावरचं यंत्र किंचाळायला लागलं. त्या इमारतीत धुराची सगळी यंत्रं एकमेकांना जोडलेली होती. पाच मिनिटांत चार मजले रस्त्यावर. कुणी आंघोळीच्या गाऊनमध्ये, कुणी मांजराला पोटाशी धरून. शेजारच्या आजोबांनी काय जळलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, मोहरी. त्यांनी गंभीरपणे मान हलवली, जणू दरवर्षी कुणाची तरी मोहरी जळते. तेव्हा स्वयंपाकघर असलेलं घर जरूर घ्या, दहा दिवसांत पैसे खूप वाचतात. पण चिमणीचा पंखा आधी लावायचा, खिडकी उघडायची आणि मग तेल. हॉटेलच्या खोलीत मात्र इलेक्ट्रिक शेगडी वगैरे लपवून नेऊ नका. खोटा बंब बोलावल्याचा खर्च पाहुण्याच्या माथी मारणारी हॉटेलं असतात.

भाचीचं घर. तुम्ही ओझं व्हाल का, हे तिला विचारू नका. ती 'छे, छे' म्हणणार. तिला तारखा सांगा. 'अमुक तारखेला येतो, तीन रात्री राहतो, मग पुढे जातो, परतताना एक रात्र,' असं सांगितलं की तिला श्वास घेता येतो. तिथली पाळणाघरं साडेचार-पाचला बंद होतात; नवरा-बायको दोघंही चारच्या ठोक्याला ऑफिसातून निघून पोराला आणायला धावतात. घरी कामाला बाई नाही. म्हणून दिवसा तुम्ही दोघं बाहेर राहा. ऑपेराच्या इमारतीचं पांढरं छप्पर चढून फिरता येतं, पैसे पडत नाहीत. फ्रोग्नर पार्कमध्ये विगेलांड या शिल्पकाराचे दोनशेहून जास्त पुतळे आहेत, तिथेही फुकट. (वायकिंग जहाजांचं संग्रहालय नव्या बांधकामासाठी २०२२ मध्ये बंद केलंय, यजमानांच्या यादीत असेल तर ते उघडलं का ते बघून जा.) आणि संध्याकाळची आमटी-पोळी तुम्ही हातात घ्या. थकून आलेल्या भाचीला आयतं ताट मिळालं तर ओझं कुणाचं कुणावर, हे तुम्हालाच कळेल. चपला दाराशी काढायच्या, ते तिथेही आपल्यासारखंच. झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या, रात्रीच्या उजेडाने यजमानांची झोप उडेल.

कागदपत्रांचं भराभर सांगते. शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, तुम्ही तीन महिने आधी करा. फी मोठ्या माणसाला ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा आकार. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. विमा घेताना गुडघ्याचं ऑपरेशन लपवू नका, नाहीतर नेमक्या त्याच वेळी दावा फेटाळतील. भाचीचं निमंत्रणपत्र आणि तिच्या निवास परवान्याची प्रत जोडा. वाटेत युरोपातल्या दुसऱ्या शेंगेन देशात विमान बदलणार असाल तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते, बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, रांगा लागतात. दोन विमानांत तीन तास तरी ठेवा. विमानतळावर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. त्यात लाज कसली.

रोख पैसे जवळजवळ लागत नाहीत. स्वच्छतागृहालासुद्धा कार्ड चालतं. फॉरेक्स कार्ड (परदेशी चलन भरलेलं कार्ड) घेताना त्यात नॉर्वेजियन क्रोन हे चलन आहे का ते बँकेत विचारा. नसलं तर प्रत्येक खरेदीवर चलन बदलल्याचा आकार लागतो. दुकानातल्या यंत्राने 'रुपयांत की क्रोनमध्ये' असं विचारलं तर क्रोनच म्हणा. एक जास्तीचं कार्ड दुसऱ्याच्या पाकिटात. विमानतळावरून ओस्लोत यायला एक वेगळी जलद गाडी आहे आणि एक साधी. साधी तीन-चार मिनिटंच जास्त घेते आणि बरीच स्वस्त पडते. शहरातल्या मेट्रोला फाटक नाही, म्हणून तिकीट नाही असं समजू नका. तपासनीस साध्या कपड्यांत येतात. अँब्युलन्सचा नंबर ११३. औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. बॅग प्रत्येकी पंधरा किलोच्या आत. जिन्यावरून उचलायला तुम्हीच आहात.

राहिली घरातली धुसफूस. यजमानांना 'चार देश नको' म्हणू नका. त्यांना ओस्लो-म्युर्दाल-फ्लोम-बर्गनचं वेळापत्रक द्या आणि म्हणा, हे बसवून द्या. कुठली गाडी किती वाजता, कुठे किती मिनिटं हातात, तिकीट कधी काढलं तर किती वाचतं, हे काम आयुष्यभर लेजर जुळवलेल्या माणसाच्या हाती आलं की पंधरा दिवसांत ती सहल त्यांची होते. आणि तरीही त्यांना दुसरा देश हवाच असेल, तर ओस्लोहून स्टॉकहोमला आगगाडी जाते, पाच-सहा तासांत. ती दोन रात्री जोडा आणि परतीचं विमान तिथून घ्या. देश मोजणाऱ्याला दोन देश, तुम्हाला आणखी एक खिडकी.

तुपाचं काय, ते राहिलंच. भाचीला आजच फोन करून सांगा, 'उसाल्तेत' लिहिलेलं लोणी दोन पाकिटं आणून ठेव. बिनमिठाचं असतं ते, रंगाला छान पिवळं. पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, ती दोघं कामाला गेली की मंद आचेवर कढवायला घ्या. पंखा लावून, खिडकी उघडून.